दीड बोट

"पोरगी लिवती लई, पर बोलत न्हाय."

हे माझ्याबद्दल होतं. टांग्यांची चाकं करणाऱ्या माणिक मिस्त्रींच्या बायकोनं, रखमाकाकूंनी, पाण्याची घागर खाली ठेवता ठेवता लोहार लालाभाईंना सांगितलं आणि चार हातांवर बसून मी ते ऐकलं. लालाभाई भात्याजवळून म्हणाले, "बोलेगी भाभी, बोलेगी. लोहा भी तपे तक चुपीच रैता." दोघं हसली. मी मान खाली घालून वहीत तारीख लिहिली. तारीख आधीच लिहिलेली होती. तीच पुन्हा गिरवली.

यंदा चैत्र लागला आणि ते वाक्य परत कानात आलं. आता आम्ही धाराशिवला राहतो. बाबांची तेरच्या दवाखान्यातून इथं बदली झाली, त्याला तीन वर्षं होतील. सकाळी खिडकीखालून एक टांगा जातो. गेल्या आठवड्यापासून त्याच्या डाव्या चाकाचा आवाज बदललाय. खडखड नाही, त्याच्या अलीकडचा आवाज, दातात काहीतरी अडकल्यासारखा. घरात दुसऱ्या कुणाला तो ऐकू येत नाही. मला येतो, आणि त्याचा अर्थही कळतो: लाकूड सुकलं, धाव ढिली झाली.

धाव म्हणजे चाकावर चढवलेलं लोखंडी कडं. तेव्हा मला एवढंही माहीत नव्हतं. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये अकरा वर्षं काढून, परीक्षा देऊन मी तेरला आले होते, ती 'घोडा' या विषयावरचा इंग्रजीतला दोन पानांचा निबंध पाठ करून. घोड्यामागं काय असतं ते कुणी शिकवलं नव्हतं. माझं मराठी घरात आईशी बोलण्यापुरतं. मिस्त्री पुढं एकदा म्हणाले होते, "ताई, तुमची मराठी पाव्हण्यावानी हाय. दारातच उभी ऱ्हाती, आत या म्हणावं लागतंय."

तेरचा चैत्र मला वासानं आठवतो. कडुनिंबाचा मोहर, तापलेली माती आणि त्यात मधूनच गवऱ्यांचा धूर. तेरणेचं पात्र कोरडं पडलेलं. बायका वाळूत हातभर खड्डे करून झऱ्याचं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरायच्या. त्यातल्या दहा-बारा घागरी रोज मिस्त्रींच्या अंगणात यायच्या, प्यायला नव्हे, चाकांना पाजायला. गोरोबाकाकांच्या यात्रेला पंधरा दिवस उरलेले असायचे. यात्रेला माणसं छोट्या गाडीनं, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेनं, स्टेशनवर उतरणार आणि स्टेशनपासून गावात टांग्यानंच येणार. उन्हाळ्यानं लाकूड आक्रसलेलं, धावा सैल झालेल्या. म्हणून पंचक्रोशीतले टांगे त्या पंधरा दिवसांत मिस्त्रींच्या दारात दांड्या वर करून उभे असायचे, हात वर करून रांगेत उभं राहिल्यासारखे.

पुढं दांड्या कमी होत गेल्या असं ऐकते. एसटी गावात यायला लागलीच होती.

त्या चैत्रात मोघे साहेब आले. तेरला साहेबलोक येणं नवं नव्हतं. पाऊस पडून गेला की नदीकाठी जुने मणी, मातीच्या मूर्ती वर येतात, त्या पाहायला कोण कोण यायचं. निजामाचं राज्य जाऊन दहाएक वर्षं झाली होती आणि आपल्या भागात काय काय आहे हे एकदा मोजून ठेवावं असं नव्या सरकारला वाटत होतं. पण मोघे साहेबांनी पहिल्याच दिवशी बाबांना सांगितलं, "मातीत गेलेलं शोधायला खूपजण आहेत, डॉक्टर. मी जे अजून गेलेलं नाही, पण निघालंय, त्याच्या मागं आहे." मुंबईत होणाऱ्या एका संग्रहालयासाठी ते गाड्यांचा इतिहास जमवत होते. छकडे, दमण्या, टांगे. एकटा माणूस, बरोबर एक नकाशे काढणारा, दोन ट्रंका आणि कायमची सर्दी. त्यांनी बार्शीजवळ कुणाच्या तरी चुलीत जाणारा एक जुना टांगा त्याच्यावर आडवं पडून वाचवला होता म्हणे. ही गोष्ट ते स्वतःच सांगायचे आणि मग शिंकायचे.

त्यांना इंग्रजीत टिपणं घेणारं कुणीतरी हवं होतं, कारण अहवाल इंग्रजीत छापायचा होता. बाबांनी माझ्याकडे न बघता माझं नाव सुचवलं. "अक्षर चांगलं आहे. बोलत नाही, त्यामुळं कामात अडथळा नाही."

तर अशी मी त्या अंगणात, कडुनिंबाखाली, एका पालथ्या तुंब्यावर बसू लागले. तुंबा म्हणजे चाकाच्या मधला लाकडी गड्डा, ज्यात आरे बसतात. मांडी घालायला जागा नसायची, म्हणून मी गुडघ्यांवर वही ठेवायची. लिहिणाऱ्याकडे कुणी फार वेळ बघत नाही, हे मला तिथं कळलं. मला ते सोयीचं होतं. मी बघायची. मिस्त्री कामाला हात लावण्याआधी पागोटं काढून खुंटीला लावत. आरा ठोकून बसवला की त्यावर लाकडी मोगरीनं हलकेच टक्कन मारत, कान तिरका करत आणि पुढच्या आऱ्याकडे वळत. चौदा आरे, चौदा टकटकी. एखादा आवाज बोदा आला तर चेहरा असा व्हायचा की जणू घरातलं कुणी खोटं बोललंय. मोघे साहेब विचारत, "कशावरून कळतं?" मिस्त्री म्हणत, "कळतं की." साहेब मला म्हणत, "लिही, आवाजावरून." मी लिहायची.

रखमाकाकूंना हे सगळं पसंत नव्हतं. मिस्त्रींच्या वडिलांनी मरताना शपथ घातली होती की धावेचं माप घराबाहेर जाऊ द्यायचं नाही. बाकी सगळं कुणीही बघून शिकावं, आरे, घेराचे लाकडी पुठ्ठे, दांड्या. पण लोखंड किती तोकडं कापायचं, ते फक्त मुलाला. मिस्त्रींना मुलगा नव्हता. मुली होत्या, त्या सास्तूर-लोहाऱ्याकडे दिलेल्या.

"चाळीस वर्सं नांदले," काकू म्हणाल्या, "मला सुदिक सांगितलं न्हाय. आन् आता मुंबईच्या मानसाला सांगायलाव?"

"तुला सांगून काय करतीस? भाकरी थापताना लागतंय व्हय माप?"

"लागंल की. तुमच्या भाकरीला धाव घालीन."

लालाभाई पोट धरून हसले. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी हातातली मोगरी खाली ठेवली. "यसटी आली, रखमा. आता टांगा ऱ्हातोय थोडाच. बापाची शपथ मोडतोय, मला कळतंय. पर हुनर माझ्यासंगं सरणावर चढंल, त्यापरीस कागदावर चढू दे. कोन तरी हाय म्हनंल, अशी चाकं होती आन् ती फिरत होती."

मी हे शब्दशः लिहून घेतलं नाही. टिपणात त्यासाठी रकाना नव्हता. पण सगळ्यांत नीट तेच लक्षात राहिलंय.

मग ती सकाळ. मिस्त्रींनी चाक जमिनीवर आडवं टाकलं आणि कडेनं सुतळी गुंडाळून एक फेर मोजला. तीच सुतळी सरळ लोखंडी पट्टीवर ताणून धरली. चुन्याची एक खूण केली. साहेब पुढं झुकले, नकाशेवाला झुकला, लालाभाई भाता थांबवून आले. मिस्त्रींनी त्या खुणेपासून आत डाव्या हाताचं पहिलं बोट आडवं टेकवलं, मग पुन्हा अर्धं. तिथं दुसरी खूण.

"दीड बोट," ते म्हणाले. "चाकापरीस धाव दीड बोट तोकडी. तापवली की फुगती, चाकावर बसती. पानी मारलं की आवळती. धावंनं चाकाला कवळ घालावी, गळा दाबू नये. झालं. एवढंच हाय."

एवढंच होतं. काकू आत निघून गेल्या.

माझ्या कंपासपेटीत लाकडी पट्टी होती, शाळेतली, कडेला इंच कोरलेले. ती काढून त्यांच्या बोटाला लावायची, एवढंच काम होतं. त्यासाठी मला उठून, सगळ्यांच्या समोर, एका परक्या पुरुषाचा हात हातात धरायला लागला असता. मी लाजले. साहेबांना इंचातच हवं असणार हे माहीत होतं. शाळेत कुठंतरी शिकवलं होतं की बोट, वीत, हात ही जुनी मापं आणि बोट म्हणजे साधारण इंच. मी लिहिलं: दीड इंच. खाली रेघ मारली. संध्याकाळी साहेबांनी टिपण वाचून बाबांना सांगितलं, "इतकं स्वच्छ काम माझ्या ऑफिसात कुणी करत नाही." त्या गावात मला मिळालेली ती पहिली शाबासकी. मी दोन दिवस तिच्यावर जगले.

धाव बसवताना पाहिली नसेल त्याला कसं सांगू? गवऱ्यांचं मोठं वर्तुळ, त्यात लोखंडाचं कडं. आधी काळं, मग करडं, मग सूर्य मावळताना असतो तसा रंग. तिघेजण लांब सांडशा घेऊन धावतात. कडं चाकावर पडतं, लाकूड पेटतं, धूर डोळ्यांत. काकू आणि दोन बायका घागरी ओततात. वाफ. आणि मग त्या वाफेतून चाकाचा आवाज येतो, करकरत, आत ओढून घेतल्यासारखा, सांधा सांध्यात बसतो तो. मिस्त्री कान लावून म्हणतात, "बसली." नदीतून वाटीवाटीनं भरलेलं पाणी अशा एका शब्दासाठी खर्ची पडायचं आणि त्याचं कुणाला वाईट वाटायचं नाही.

मोघे साहेबांची पद्धत अशी की लिहिलेलं खरं ठरल्याशिवाय छापायचं नाही. त्यांनी माझी टिपणं आणि नकाशे घेऊन सोलापूरच्या एका कारखान्यात तसंच एक चाक करायला दिलं. दहा दिवसांनी, यात्रेच्या तोंडावर, ते चाक तरटात गुंडाळून छोट्या गाडीनं आलं. साहेबांनी मिस्त्रींना ते कशासाठी केलंय हे सांगितलं नव्हतं. तरट उलगडलं तेव्हा मी तिथंच, तुंब्यावर.

चाक बशीसारखं खोल झालं होतं. दोन आरे चिरलेले, एका पुठ्ठ्याची ढलपी उडालेली. मिस्त्री त्याच्यापुढं उकिडवे बसले. कितीतरी वेळ त्याच्यावरून हात फिरवत राहिले, जखमी जनावरावरून फिरवावा तसा. "कुनी केलं वो हे? लाकूड चांगलं हाय. पर गळा दाबलाय की ह्याचा."

साहेबांनी रुमाल काढून नाक पुसलं. परत जाताना मला इंग्रजीत म्हणाले, "अनुभव आहे माझा. कारागीर सगळं सांगतो, शेवटचं एक माप लपवतोच. दोष देत नाही मी त्याला."

त्या दुपारी बाबा आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. मी त्यांच्या खुर्चीच्या हातावरच्या पंजाला हळूच पट्टी लावली. पहिलं बोट, आडवं. पाऊण इंच. दीड बोट म्हणजे सव्वा इंचही पुरतं भरत नव्हतं. बाबांनी डोळे न उघडता विचारलं, "काय मोजतेस?"

"काही नाही," मी म्हणाले.

हे "काही नाही" मी पुढं तीन दिवस सांभाळलं. त्या तीन दिवसांत मी स्वतःशी बरीच शहाणी कारणं बोलले. मिस्त्रींचं बोट बाबांच्या बोटापेक्षा जाड असेल. लोखंड वेगळं असेल. सोलापूरच्या लोकांनी जास्त तापवलं असेल. साहेब निघून जातील, अहवाल इंग्रजीत, तेरात तो वाचणार कोण? प्रत्येक कारणाशेवटी चिरलेला आरा दिसायचा. गप्प राहणं हा माझा स्वभाव आहे असं सगळे म्हणत आणि मलाही ते पटलं होतं. पण स्वभाव आणि आडोसा यांत फरक असतो. मी त्या तीन दिवसांत स्वभावाच्या आड उभी होते, आणि ज्याला ऊन लागत होतं तो माणूस समोर होता.

आता शाळांतून मीटर शिकवायला लागलेत. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या मुली इंचाला हसतात. इंचही जाईल, बोटासारखाच. पण साहेबांचं छापील पुस्तक माझ्या टेबलावर आहे आणि त्यात चाकांच्या नकाशांमध्ये एका पानावर एका माणसाच्या डाव्या हाताच्या बोटाचं चित्र आहे. बोट आडवं, नखाशी जुना घाव, शेजारी पट्टी. पुस्तक चाळणाऱ्यांना ते पान चुकून आल्यासारखं वाटतं. परवा एका मुलीनं विचारलंच, "बाई, चाकांच्या पुस्तकात हे काय?" मी तिला सांगितलं, हे त्या पुस्तकातलं सगळ्यांत उशिरा आलेलं पान आहे.

त्या दिवशी, यात्रेच्या आदल्या सकाळी, मिस्त्रींच्या अंगणात सगळे जमले होते. साहेब दुपारच्या गाडीनं निघणार होते. लालाभाईंनी भाता बंद ठेवला होता, बाबा दवाखाना उघडण्याआधी मुद्दाम आले होते. काकूंनी गुळाचा चहा केला. घोड्यांना घुंगरं बांधली जात होती, त्यांचा आवाज गल्लीतून येत होता. साहेबांनी टाइप केलेले कागद खाटेवर ठेवले. "मिस्त्री, तुमच्या कामाचं सगळं यात आहे. मजकूर मान्य आहे म्हणून इथं सही करा."

मिस्त्रींना सही उर्दूत यायची. निजामाच्या काळातली, मदरशात, म्हणजे तेव्हाच्या सरकारी शाळेत शिकलेली. त्यांनी धोतराला हात पुसले, टाक घेतला आणि थांबले. "सही करतो. पर आधी ताईंनी वाचून दाखवावं. लिवलंय त्यांनी. त्यांच्या तोंडानं आयकायचंय."

"आता बोलती का बगू," काकू हळूच म्हणाल्या.

साहेबांनी कागद माझ्या हातात दिला. शेवटचं पान. मी वाचलं, मनात. खालचं वाक्य असं होतं की धाव किती तोकडी कापायची याचं खरं माप कारागिरानं शेवटपर्यंत सांगितलं नाही आणि ते बहुधा त्याच्याबरोबरच जाईल. त्या अंगणात ते इंग्रजी वाक्य समजणारी तीनच माणसं होती. बाबांकडे कागद नव्हता. साहेब माझ्याकडे झुकून इंग्रजीत म्हणाले, "शेवटची ओळ वाचायची गरज नाही. कशाला दुखवायचं म्हाताऱ्याला?" ते मनापासून म्हणाले होते. आजही मला वाटतं, ते भले गृहस्थ होते.

मी वरून मराठीत सांगायला सुरुवात केली. बाभळीचं लाकूड, किती वर्षं वाळवायचं, धामणीच्या दांड्या, आऱ्यांचा आवाज. माझं मराठी अडखळत होतं. मिस्त्री प्रत्येक वाक्याला "बराबर" म्हणत होते. बापाची शपथ मोडून दिलेली वस्तू नीट पोचल्याचं ते ऐकत होते. "बराबर. बराबर." मी शेवटच्या ओळीपाशी आले आणि थांबले. मिस्त्रींना वाटलं, संपलं. त्यांनी टाक दौतीत बुडवला, कागद माझ्या हातातून घेतला, खाटेवर सरळ केला. टाकाच्या टोकावर शाईचा थेंब लोंबत होता.

सही झाली असती तर त्या माणसानं स्वतःच्या हातानं लिहून दिलं असतं की मी लपवलं.

मी तुंब्यावरून उठले. माझ्या मांडीवरची कंपासपेटी पडली, त्यातलं सगळं मातीत सांडलं आणि सगळ्यांनी वळून पाहिलं. मी फक्त पट्टी उचलली. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. भिंतीपलीकडचा घोडासुद्धा फुरफुरला.

"थांबा, मिस्त्री. सही करू नका. खाली आणखी एक ओळ आहे. तुम्ही खरं माप लपवलं, असं तिच्यात लिहिलंय. साहेब, यांनी काही लपवलेलं नाही. यांनी दीड बोट सांगितलं, मी न मोजता दीड इंच लिहिलं, आणि ते सोलापूरचं चाक माझ्यामुळं चिरलं. चूक माझी आहे, तशीच ती इंग्रजीत लिहा. मिस्त्री, तुमचा डावा हात इकडं द्या. आता मोजते."